माशांना लागलेली लवंगेची झोप

"मेलं गं पोरी, मेलं! समदं उताणं पडलं!"

हा आवाज आबांचा. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांचं सगळं आयुष्य वरच्या वाडीत गुरांमागं गेलं, त्यामुळं एका डोंगरावर उभं राहून दुसऱ्या डोंगरावरच्या म्हशीला हाक मारायची त्यांना सवय. आबा आमच्या पासली गावाच्या अंगाला शिंकले की भोरच्या बाजारात भाजीवाल्या बायका दचकतात, असं मी लोकांना सांगतो. बायको लगेच म्हणते, "थापा मारू नका. भोरापातुर न्हाई जात, वेल्ह्यापातुर जातो." तर त्या दिवशी मी शिवऱ्याला भाताची पोती टाकून रिकामा टेम्पो घेऊन परत येत होतो. काचा वर, गाणी लावलेली, सायलेन्सर फुटलेला. तरीसुद्धा शेवटच्या वळणावर ते "समदं उताणं पडलं" माझ्या कानात शिरलं आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला.

काय उताणं पडलं, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या घरी उताणं पडण्यासारखं तेव्हा एकच होतं, हौदातले मासे. आणि ते मेले तर घरामागचं आमचं तळं बुजणार होतं. बायकोनं तसं सांगूनच टाकलं होतं, आणि ती सांगते ते करते. मी सांगतो ते मी सोडून कुणी करत नाही. कधीकधी मीही करत नाही.

आधी तळ्याचं सांगतो, म्हणजे तुम्हाला सगळं नीट कळेल. भाताच्या खाचरांच्या वरच्या अंगाला आमचं शेततळं आहे, प्लास्टिक अंथरलेलं. पाहुण्यांना दाखवताना मी त्याला समुद्राचा धाकटा भाऊ म्हणतो. खरं म्हणजे एखाद्या तहानलेल्या म्हशीनं मनावर घेतलं तर दुपारपर्यंत तळ दिसेल. बायकोनं त्यात रोहू, कटला आणि मृगळ यांची बोटुकली सोडली होती. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड कालवायची, भोकं पाडलेल्या पोत्यात भरायची आणि ते पोतं बांबूला बांधून पाण्यात टांगायचं. मासे येतात आणि बाळानं दूध प्यावं तसे पोत्याला लुचतात. कोंडा घरचा, पेंड मी भोंगवलीकडून आणायचो. पेंड इतकी मानवली की त्यातला एक कटला वळण घेऊ लागला की बांधावरून पाणी सांडायचं आणि खालच्या खाचराला आयती पाळी मिळायची. बायको म्हणते तो मांडीएवढा होता. कुणाच्या मांडीएवढा, हे तिनं सांगितलेलं नाही, म्हणून मी माझं म्हणणं मागं घेत नाही.

दिवाळी झाली, थंडी पडली आणि माशांच्या अंगावर लाल ठिपके दिसायला लागले. ठिपक्यांच्या जखमा झाल्या. खवले सुटायला लागले. एकेक मासा कडेला येऊन, एसटीची वाट बघत खांबाला टेकलेल्या माणसासारखा तिरका उभा राहायला लागला. पोत्याकडं कुणी फिरकेना.

मी महामार्गावरच्या एका दुकानात विचारलं. दुकानदारानं माझं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. खाली वाकून एक पाकीट काढलं आणि म्हणाला, "ही पावडर. खाद्यात घाला. उद्या मासा तुमच्याशी कुस्ती खेळंल." त्या पावडरीत अँटिबायोटिक होतं. आपल्याला दवाखान्यात गोळी देतात तेच, फक्त इथं ते चमच्यानं न देता घमेल्यानं द्यायचं. मी पाकीट खुशीत घरी आणलं. बायकोनं ते उलटसुलट करून बघितलं, विचारलं, "ह्ये कसलं?" मी सांगितलं. तिनं ते परत माझ्या हातात दिलं. अगदी शांतपणे. तिनं आदळआपट केली असती तर मी वाद घातला असता.

तिच्या शांतपणाला कारण होतं. त्याआधीच्या भातकापणीत तिच्या हाताला विळा लागला होता. एवढासा काप. पण तो चिघळला. डॉक्टरांनी औषध दिलं, गुण येईना. औषध बदललं, तरी येईना. हात कोपरापर्यंत सुजून भोपळ्यासारखा झाला, आणि हे मात्र मी वाढवून सांगत नाही. त्या दिवसांत मी एकही थाप मारली नाही, यावरून काय ते समजा. डॉक्टर म्हणाले, जंतू औषधाला सरावतात. माणसांत, कोंबड्यांत, माशांत, जिथं तिथं गरज नसताना ते ओतलं की जंतू निर्ढावतात, आणि मग ज्याला खरंच पाहिजे त्याला ते लागू पडत नाही. शेवटी एक औषध लागू पडलं. हात वाचला. एक बोट अजून पुरतं मिटत नाही.

त्याच हातानं तिनं पाकीट परत दिलं आणि म्हणाली, "जे शेवटाला माझ्या उपयोगी पडलं, ते मी हितं पाण्यात कालवणार न्हाई. आपल्या तळ्याचं पाणी खाली पाणवठ्यावर जातं. गुरं पितात, पोरं पवतात. तसंच बरं करता आलं तर मासे ठेवू. न्हाई आलं तर तळं बुजवू, भाताला जागा हुईल."

मी म्हटलं, "अगं, पण तसंच म्हणजे कसं?"

"बाईंना इचारते."

बाई म्हणजे जिथून आम्ही बोटुकली आणली होती, त्या बीज केंद्रातल्या तरुण बाई. त्यांनी फोनवर तिला ओव्याच्या आणि लवंगेच्या तेलाचं सांगितलं. वनस्पतींच्या अशा उग्र तेलांपुढं काही जंतू टिकत नाहीत, माशांच्या खाद्यात ती वापरून बघताहेत, पण खात्रीचा इलाज म्हणून मी सांगत नाही, असं त्या स्पष्ट बोलल्या. "थेंबाथेंबानं, आणि फक्त खाद्यात," हे त्यांनी दोनदा सांगितलं. आजारी मासे वेगळे काढा, त्यांना वाहतं पाणी द्या, हेही सांगितलं.

मग आम्ही जाळं टाकून जखमा झालेले सगळे मासे काढले आणि गोठ्याजवळच्या सिमेंटच्या हौदात सोडले. तिथं झऱ्याचं पाणी पाइपनं येतं. तो मांडीएवढा कटलाही त्यात होता, पाठीवर रुपयाएवढी जखम घेऊन. तेल मी पुण्याहून आणलं, गोड्या तेलात मिसळून ते कोंडा-पेंडीत कालवायला बायकोनं सुरुवात केली, आणि तिनं जाहीर केलं, "ह्ये हौदातले जगले तर तळं ऱ्हाईल."

त्या ओव्याच्या वासाचं काय सांगू? आमच्या घरापासून पार खिंडीपर्यंत लोकांची पोटं साफ झाली. आळीतला एक म्हातारा वर्षभर ढेकरेसाठी तळमळत होता. तो सकाळी आमच्या गोठ्याजवळून नुसता चालत गेला आणि त्यानं अशी ढेकर दिली की झाडावरची माकडं पळाली. मासे पहिल्या दिवशी खाद्याकडं बघून तोंड वाकडं करत होते. हळूहळू खायला लागले. जखमा वाढायच्या थांबल्यासारख्या वाटल्या, पण बायको म्हणाली, "वाटल्यासारखं नगं. दिसू द्या."

अशात आबा भात झोडायला मदतीला म्हणून आले.

आबांना माणसांपेक्षा जनावरांचं जास्त कळतं, असं ते स्वतःच सांगतात. त्यांच्या वैद्यकाचा एकच नियम. आजारी जनावराला आतून आणि बाहेरून अशा दोन्ही अंगांनी धरायचं. बैल फुगला तर बांबूच्या नळीनं काढा घशात आणि वर पोटाला तेलाचं मालीश. म्हशीला सर्दी झाली तर गूळ-मिऱ्यांची उंडी पोटात आणि कपाळाला शेक. वरच्या वाडीत सगळे असंच करतात आणि एकाच अंगानं औषध करणाऱ्याला अर्धवट म्हणतात. आबांनी हौदाकडं बघितलं, खाद्याचा वास घेतला आणि विचारलं, "ह्ये तर आतनं झालं. भायेरनं काय?"

बायको म्हणाली, "आबा, भायेरनं काय न्हाई. बाईंनी फक्त खाद्यात सांगितलंय."

"त्या बाईनी किती गुरं राखली?"

"आबा, तुमी हौदाला हात लावायचा न्हाई."

"म्या कशाला लावू हात?" आबा म्हणाले, आणि खरोखरच त्यांनी हात लावला नाही. त्यांनी रवी लावली.

झालं असं. मी टेम्पो घेऊन शिवऱ्याला, बायको खालच्या खळ्यावर भात झोडायला, आणि घरी एकटे आबा. त्यांनी फळीवरची लवंगेच्या तेलाची बाटली उतरवली. तेल पाण्यावर तरंगतं, जनावराच्या अंगाला लागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून त्यांनी चुलीवरची तांदळाची पेज घेतली, त्यात आख्खी बाटली ओतली आणि ताक घुसळावं तसं रवीनं ते असं घुसळलं की तेलाचा एक डोळासुद्धा वर दिसेना. मग पाइपचं पाणी बंद केलं, औषध वाहून जायला नको म्हणून. आणि तो पांढरा काढा सगळा हौदात सोडला.

मासे आधी खुशीत आले. आबा सांगतात, नाचायला लागले. मग झिंगल्यासारखे एकमेकांवर आदळायला लागले. मग एकेक करून पोट वर केलं. आणि तेव्हा आबांनी ती आरोळी दिली, जी मी टेम्पोत ऐकली.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. उन्हाळ्यात ओढा आटला की डोहात मासे राहतात. तेव्हा लोक एकत्र येऊन गेळ्याची फळं कुटून डोहात टाकतात. त्यानं मासे गुंगतात आणि उताणे होऊन वर येतात. मग डोह कुणाचा, फळं कुणी कुटली, असलं काही विचारायचं नाही. उताणा मासा ज्याच्या हाताला लागेल त्याचा. ही रीत इतकी मुरलेली आहे की भावकीतले एकमेकांचं तोंड न बघणारे लोकही डोहात पाठीला पाठ लावून मासे वेचतात. आणि ते मासे थेट कालवणात जातात. त्यांना परत चांगल्या पाण्यात सोडून बघायचा वेडेपणा आजवर कुणी केलेला नाही.

दिवस झोडणीचे. आजूबाजूच्या खळ्यांवर सगळं गाव, प्रत्येकाच्या हाताशी पाट्या आणि घमेली. आबांची आरोळी ऐकून लोक हातचं टाकून मदतीला धावले आणि बघतात तर हौदभर मासे पांढरी पोटं वर करून पडलेले. वर आबा, लाजेनं आणि दुःखानं भांबावलेले, दोन्ही हात पसरून सांगताहेत, "न्या रं बाबांनो, न्या! वास सुटायच्या आत न्या! माझ्या हातनं घात झाला!"

मी टेम्पो उभा केला तेव्हा माझ्यासमोरून आमचे मासे चालले होते. डोक्यावरच्या पाट्यांतून. शेपट्या बाहेर लोंबत होत्या. आमच्या मागच्या आळीतले एक गृहस्थ, जे मला रस्त्यात बघून कधी हसत नाहीत, त्या दिवशी हसले आणि म्हणाले, "लई वाईट झालं बघा." त्यांच्या घमेल्यात आमचा रोहू होता.

मी म्हटलं, "आबा, काय केलंत हे?"

"पाव्हणं, मला चाबकानं मारा."

"चाबूक कुठाय? आणि ती कुठाय?"

"खळ्यावरनं भात घिऊन गिरणीत गेलीया. तितल्या धडधडीत तिला आयकू गेलं नसंल, अजून ठावं न्हाई." मग आवाज एकदम खाली आणून, म्हणजे फक्त तीन खाचरांपर्यंत जाईल इतका, ते म्हणाले, "आता कशी दाखवू तिला तोंड? तळं बुजवल ती. माझ्यापायी बुजवल."

हौदात बघवत नव्हतं. शेजारच्या काकूंनी तो कटला उचलला होता. दोन्ही हातांत मावेना म्हणून लुगड्याच्या ओच्यात घेतला होता. माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "तुमच्या वाटणीचं कालवण पाठवून देते हां. रडू नका." मी रडत नव्हतो. लवंगेनं डोळे झोंबत होते. हे मी आजही असंच सांगतो.

काकू मासा घेऊन पाटावर गेल्या. आमच्या घरापलीकडून झऱ्याच्या पाण्याचा पाट खाचरांकडं जातो, बर्फासारखं गार आणि खळाळतं पाणी. तिथं त्या बसल्या, विळी शेजारी ठेवली, आणि कापायच्या आधी धुवावा म्हणून कटला पाण्यात धरला. मी पाठमोरा होतो. मला आधी ऐकू आला तो फटका. मग काकूंची किंकाळी, आणि ती आबांच्या तोडीची होती.

"आगं बया! मला मारलंन! मेलेल्यानं मारलंन!"

पळत जाऊन बघतो तर काकू पाटात बसलेल्या, गालावर खवले चिकटलेले, आणि कटला त्यांच्या मांडीवर शेपूट आपटतोय. त्याचे कल्ले उघडमीट करत होते. मेलेले मासे गेली कित्येक वर्षं मी बघतोय, पण इतका रागावलेला मेलेला मासा बघितला नव्हता.

आमच्याकडं मोबाईलला रेंज फक्त टेम्पोच्या टपावर मिळते. मी टपावर चढलो, बाईंना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "बाटलीभर लवंग तेल पाण्यात? अहो, ती गुंगी आहे. लवंगेनं मासे बेशुद्ध होतात. लवकर ताज्या, वाहत्या पाण्यात धरा. तोंड प्रवाहाकडं. जितके उठतील तितके उठतील. आणि हौदातलं पाणी तळ्यात सोडू नका."

मी टपावरूनच ओरडलो, "आबा! मेले नाहीत! झोपलेत! सगळ्यांना पाटावर बोलवा!"

आणि त्या क्षणी देवानं आबांना तो आवाज कशासाठी दिला होता, ते मला कळलं. "माघारी फिरा रं! मासं जित्तं हायती!" ही हाक डोंगराला आपटून परत आली, पलीकडच्या डोंगराला आपटून पुन्हा आली, आणि पाट्या घेऊन घरी पोचलेले लोक उंबऱ्यातून मागं वळले. कुणी तवा ठेवला होता, कुणी हळद-मीठ लावलं होतं. आले मात्र सगळे. आमच्या गावाला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण आले म्हणजे दिले असं नाही. ते न हसणारे गृहस्थ म्हणाले, "आबांनी सोताच्या तोंडानं दिलेत. आन उताणा मासा धरणाऱ्याचा, ही रीत हाय."

"हो, पण तो जिवंत आहे," मी म्हटलं.

"उताणा हुता का न्हवता?"

"होता."

"मग?"

माझ्याकडं हजार गोष्टी असतात, पण रीतीपुढं एकही चालेना. तेव्हा ओल्याचिंब काकू कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. गालावर लाल वळ. त्या दिवशी गावात त्यांच्याइतका अधिकार कुणाला नव्हता. मार त्यांनी खाल्ला होता. त्या म्हणाल्या, "गप ऱ्हावा समदी. पाण्यात धरायचा. हालला तर धनिणीचा. न्हाई हालला तर तुमचा. बसा."

आणि गाव पाटाच्या कडेनं रांगेनं बसलं. प्रत्येकाच्या हातात एकेक मासा, तोंड प्रवाहाकडं. असा देखावा मी पुन्हा बघणार नाही. एक बाई माशाला "उठ रं राजा, उठ" म्हणून थोपटत होती. एकजण त्याला खरोखर हलवून हलवून उठवत होता. आणि ते गृहस्थ मात्र रोहूला दोन्ही हातांनी असे गच्च आवळून बसले होते की तो हत्ती असता तरी हालला नसता.

काकू त्यांच्यामागं जाऊन म्हणाल्या, "भावजी, हात सोडा."

"सोडला तर वाहून जाईल."

"मेलाय म्हंता न्हवं? मग वाहू द्या की."

त्यांनी हात सोडला. रोहू क्षणभर तिरका पडला, मग सरळ झाला आणि प्रवाहाविरुद्ध असा सुटला की गृहस्थांच्या टोपीवर पाणी उडालं. लोक हसले. मग एकेक मासा हालायला लागला. इकडं शेपूट, तिकडं कल्ला. लहान पाण्याला भरती आल्यासारखा सगळा पाट खळबळला. काही मासे नाही हालले. काकूंच्या निवाड्याप्रमाणं ते ज्याचे त्याला गेले, आणि ज्यांनी खाल्ले ते सांगतात की तसं कालवण जन्मात झालं नाही. लवंग माशाला आतूनच लागली होती. मासे त्या पावडरीवर असते, औषध त्यांच्या अंगात मुरलेलं असतं, तर त्या दिवशी कुणाच्या ताटात कालवण तरी येऊ दिलं असतं का आम्ही?

बायको केव्हा येऊन उभी राहिली, मला कळलं नाही. डोक्याला भाताचं तूस चिकटलेलं, हातात रिकामं सूप. कुणीतरी तिला वाटेत सगळं सांगितलं असावं. आबांनी तिला बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज त्यांच्यापुरता राहिला. "पोरी..." एवढंच.

पाटात वर आणि खाली आम्ही जाळी आडवी लावली होती, वरच्या जाळीपाशी सुटलेले मासे जमले होते. ती तिथं उकिडवी बसली. तो कटला अजून धड नव्हता. काकूंना मारून झाल्यावर त्याची ताकद संपली असावी, पुन्हा कलंडत होता. तिनं न मिटणाऱ्या बोटाचा हात त्याच्या पोटाखाली घातला आणि त्याला पाण्यात धरून ठेवलं. टेम्पोतली गाणी चालूच राहिली होती, ती कुणीतरी जाऊन बंद केली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला विचाराल तर मी म्हणेन एक भाताचं पीक येऊन गेलं. मग कटल्याचे कल्ले एका लयीत चालायला लागले. तिनं हात सैल केला. तो तिच्या हातातच थांबला, मग सावकाश, मोठ्या माणसानं मांडी मोडून उठावं तसा, पुढं निघून गेला.

बायकोनं मान वर केली. "पाठीवरची जखम बघितली का?" तिनं मला विचारलं.

मी वाकून बघितलं. रुपयाएवढी जखम आता चिंचोक्याएवढी होती. कडा लाल नव्हती, गुलाबी होती. मला भात झोडून झाल्यासारखं हलकं वाटलं. अंगातला सगळा कोंडा उडून गेल्यासारखं. आबा खाली मातीत बसले आणि पटक्याच्या शेवानं तोंड पुसत राहिले. काकूंनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आबा, पुन्यांदा माशाला मालीश करायचं असंल तर मला आधी सांगा. मी माहेरी जाते."

हौद रिकामा केला, ते पाणी लांब खडकावर ओतलं, हौद घासला, मासे परत सोडले. नंतर थंडीभर ओव्या-लवंगेचं खाद्य थेंबाथेंबानं चाललं, झऱ्याचं पाणी दिवसरात्र वाहतं राहिलं, आणि हौदातल्यांच्या जखमा भरल्या. तळ्यातले बाकीचेही पोत्याला लुचायला लागले. हे ओव्यानं झालं, की वाहत्या पाण्यानं, की आजारी काढल्यावर तळ्यातली गर्दी कमी झाली म्हणून, हे बाईसुद्धा ठाम सांगत नाहीत. आबा ठाम सांगतात. ते म्हणतात, तुमी आतनं केलं, म्या भायेरनं केलं, म्हणून बरं झालं. शिवाय आजाऱ्याला झोप लागते. वरच्या वाडीत आता त्यांना माशांचे डॉक्टर म्हणतात आणि ते नाही म्हणत नाहीत. ते दुकानातलं पाकीट मी परत नेऊन दिलं. दुकानदारानं विचारलं, मासा कुस्ती खेळला का? मी म्हटलं, खेळला, शेजारणीशी, आणि जिंकला.

हौदातले मासे तळ्यात परत सोडायचा दिवस आला तेव्हा आम्ही दोघंच होतो. संध्याकाळचं ऊन बांधावर तिरकं आलेलं. कटला शेवटी सोडला. तो एक गिरकी घेऊन खोल गेला, आणि माझा शब्द आहे, बांधावरून पाणी सांडलं. मला राहवेना. मी तिला म्हटलं, बघ, अख्ख्या वेल्ह्यात, अख्ख्या भोरात असं तळं नसेल, ज्यातले मासे मरून परत आले, ज्यांच्यासाठी सगळं गाव पाण्यात बसलं, ज्यांनी औषधाच्या पावडरीला हरवलं. लोक लांबून बघायला येतील. आता तूच सांग, असं तळं बुजवायचं का ठेवायचं?

तिनं पोतं बांबूला बांधलं, गाठ ओढून बघितली आणि म्हणाली, "यंदा दाटी झालती. पुढच्या खेपंला बोटुकली कमी सोडू."